निरीक्षकांची फुंकर

शाळेत तुम्हाला छत्रीचं मनोगत लिहायला लावतात, फाटक्या पुस्तकाचं लावतात, पडक्या किल्ल्याचंही लावतात. माझं मनोगत आजवर कुणी विचारलेलं नाही. तेव्हा मित्रांनो, न विचारताच सांगतो. मी एका जुन्या मोटारीतला, पेट्रोल गाळणारा फिल्टर. मुठीएवढा पत्र्याचा डबा, दोन टोकांना दोन नळ्या, पोटात घड्या घातलेला कागद आणि पाठीवर एक बाण. गाडीखाली, मागच्या चाकाजवळ माझा मुक्काम. टाकीतलं पेट्रोल एका नळीतून माझ्यात शिरायचं, दुसरीतून इंजिनाकडे जायचं आणि त्यात जे काही नको असेल ते मी ठेवून घ्यायचो. गंजाचे कण, वाळू, कधी एखादा चिंधीचा धागा. लोक चहाची गाळणी निदान विसळून ठेवतात. माझ्याकडे बघायचं तर गाडीखाली आडवं व्हावं लागतं, आणि आडवं व्हायला माणसाला याहून बऱ्या जागा पुष्कळ असतात.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच तोंडावळ्याची असंख्य भावंडं पट्ट्यावरून सरकत होती आणि एक यंत्र प्रत्येकाच्या पाठीवर बाण उठवत होतं. बाणाचं टोक इंजिनाकडे, एवढाच आमच्या आयुष्याचा नियम. माणसांचे नियम मी पुढे बरेच ऐकले, पण इतका सुटसुटीत एकही ऐकला नाही.

ज्यांच्या गाडीत मी लागलो ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी सगळी गल्ली त्यांना निरीक्षकच म्हणायची. बायको मात्र ‘अहो’ म्हणायची. बोलणं त्यांना फारसं आवडत नसे. त्यांच्याकडे खोकला होता. दोन आखूड आणि एक लांब, ओढलेला. नोकरीत असताना दुकानाच्या दारात उभं राहून ते एवढंच खोकायचे, की आत दुकानदार तराजूखालचा चुंबक काढायला धावायचा. निवृत्तीनंतर दुकानं सुटली, खोकला सुटला नाही. शेजाऱ्याने कचरा चुकीच्या डब्यात टाकला की खोकला. लेकीने मोटार शिकताना इंडिकेटर न देता वळवली की खोकला. त्यात आजार काही नव्हता, असं डॉक्टर म्हणाले होते. निरीक्षकांनी त्यांच्या वजनकाट्याकडे बघून खोकल्यावर ते जरा घाईनेच म्हणाले होते.

त्यांचं आणखी एक तत्त्व होतं. प्रत्येक वस्तूला दोन बाजू असतात, आणि एकच बाजू वापरून वस्तू टाकून देणारा माणूस उधळ्या. गादी ते उलटी करत, चादर उलटी करत, शर्टाची कॉलर झिजली की उसवून दुसऱ्या बाजूने शिवून घेत. माझीही पाळी आली.

दरवर्षी एका सुट्टीच्या सकाळी ते गाडीखाली जुनी सतरंजी पसरून शिरत, मला सोडवत, अंगणात उपडा करून निथळू देत. मग माझ्या बाहेर जाणाऱ्या नळीला ओठ लावून जोरात फुंकर मारत. आत अडकलेला कचरा थोडा मागच्या मागे उडायचा. बायको दारातून ओरडायची, "अहो, पेट्रोल तोंडात जाईल, नवीन आणा की एक!" ते तोंड पुसून पेपरमिंटची गोळी चघळत आणि मला उलटा बसवत. एक वर्ष बाण इंजिनाकडे, पुढच्या वर्षी टाकीकडे. दोन्ही बाजूंनी वापरला की दुप्पट टिकतो, असा त्यांचा हिशेब. मी आधी पकडून ठेवलेलं सगळं उलटा बसवल्यावर इंजिनाकडे सुटायचं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

पण मित्रांनो, मला त्या उलटसुलट करण्याचं काही वाटायचं नाही. मला भीती वाटायची ती फुंकरीची. पेट्रोल येतं आणि जातं. फुंकर यायची ती ऊबदार, ओलसर, पेपरमिंटच्या वासाची, आणि ती सगळी परत जायची नाही. थोडी घड्यांमध्ये राहायची. मी गाळणारा. जे राहतं ते ठेवून घेणं हेच माझं काम.

शेवटच्या वर्षी त्यांनी फुंकर मारायला श्वास भरून घेतला, नळीला ओठ लावले आणि नेमकी तेव्हाच उबळ आली. दोन आखूड आणि एक लांब. सगळी माझ्यात. ओठ बाजूला करायला त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी मला उलटा बसवला, क्लिपा आवळल्या, हात धुतले, आरामखुर्चीत टेकले ते टेकलेच. बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यांचा चेहरा कामं उरकलेल्या माणसाचा होता.

गाडी बरेच दिवस बंद उभी राहिली. शेडचं दार ओढलेलं, भर दुपारी आत अंधार. बंद गाडीत फिल्टरला काही काम नसतं. पेट्रोल पडून असतं, कागद भिजून पडलेला असतो. तशात एका दुपारी माझ्या घड्या उघडल्या. हळूच, सगळ्या एकदम. मग मिटल्या. पुन्हा उघडल्या. पंप बंद होता, वारा नव्हता, आणि पत्र्याच्या डब्यात वारा येणार तरी कुठून. मी आतल्या आत मोजदाद केली. गंज होता, वाळू होती, धागा होता. या तिघांनाही श्वास घेता येत नाही.

लेक आणि जावई आईच्या सोबतीला राहायला आले आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली. लेक चालवायची, आई शेजारी. पहिल्याच फेरीत लेकीने सवयीप्रमाणे इंडिकेटर न देता गाडी डावीकडे घेतली.

गाडी खोकली. दोन आखूड, एक लांब.

लेकीने ब्रेक दाबला. मग आईने मांडीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि समोरच्या डॅशबोर्डला अगदी सहज विचारलं, "पाणी देऊ का?"

"आई!"

"अगं, सवय. सवयीने बोलले."

पण त्या दिवसापासून आई रोज फिरायला निघू लागली. दोन घास जास्त जेवू लागली. केस नीट विंचरून, पाण्याची बाटली भरून दुपारीच तयार होऊन बसायची. गाडी चौकात पट्टा ओलांडून थांबली की खोकायची. शाळेपुढे हॉर्न वाजला की खोकायची. आई हसून म्हणायची, "ऐकलंस? अजून सुटका नाही तुझी." लेक हसायची नाही. तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडलेले असायचे. आणि इकडे गाडीखाली, प्रत्येक वेळी, मी नाही, मित्रांनो, माझ्यातलं काहीतरी आवळायचं आणि सुटायचं.

जावयाने गाडी मेकॅनिकला दाखवली. मेकॅनिक म्हणाला, "फिल्टर चोंदलाय. टाकून द्या." हे निदान बरोबर होतं. चोंदलेल्या फिल्टरची गाडी चढावर आचके देते, हे कुणालाही पटेल. ती सपाट रस्त्यावर, फक्त नियम मोडल्यावर का आचके देते, हे जावयाने मेकॅनिकला विचारलं नाही. शिकलेला माणूस होता. काही प्रश्न विचारले की विचारणाऱ्याकडेच लोक बघतात, हे त्याला ठाऊक होतं.

घरी विषय निघाला तेव्हा आईने पानातला हात थांबवला. "त्याला हात लावायचा नाही."

"आई, गाडी मध्येच बंद पडली तर?" जावई म्हणाला.

"तुम्ही नियमाने चालवा, जावईबापू. नाही पडणार बंद."



ज्या दुपारी ती बंद पडली त्या दुपारी चूक लेकीचीच होती. मोठा चौक होता, दिवा पिवळा झाला होता आणि थांबण्याऐवजी तिने पाय दाबला. चौकाच्या बरोबर मध्ये गाडी खोकली. त्या क्षणी मी काय केलं ते सांगतो. काही केलं नाही. पंप मागून पेट्रोल ढकलत होता, माझ्या दारापर्यंत येत होतं, आणि माझ्या सगळ्या घड्या एकमेकींवर घट्ट बसल्या होत्या, रागावलेल्या माणसाचे ओठ बसतात तशा. मी मिटलो नव्हतो. मला मिटवलं होतं.

इंजिन गेलं. उजवीकडून ट्रक आला. हॉर्न, ब्रेक, रबराचा वास, आणि लेकीच्या दारापासून वीतभर अंतरावर एक मोठी लोखंडी जाळी थांबली. वरच्या खिडकीतून ड्रायव्हर अर्धा बाहेर आला. "ताई, ही गाडी घरी ठेवा नाहीतर म्युझियमला द्या! रस्त्यावर कशाला आणता?"

लेक रडत होती. आवाज न करता, दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. आईने तिच्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात वापरला नसेल असा आवाज तिने काढला.

"अहो. चुकलं पोरीचं. थांबायला हवं होतं तिने, कबूल. पण म्हणून जीव घ्याल का तिचा? माप चुकलं म्हणून दुकानदाराला फाशी दिलीत कधी? पुरे झालं आता तुमचं निरीक्षण."

गाडी खोकली नाही. आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या काढा तो डबा. पण घरीच काढा. ह्यांच्या गाडीला परका हात नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माझा निरोपसमारंभ झाला. जावई मोबाइलवर व्हिडिओ लावून उभा होता. व्हिडिओतल्या माणसाच्या गाडीला गंज नव्हता, हाताला काळं नव्हतं आणि पाठीमागे स्टुलावर सासू बसलेली नव्हती. त्यामुळे त्याला सगळं सोपं जात होतं. त्याने सांगितलं तसं जावयाने पंपाचा फ्यूज काढला आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवली, म्हणजे नळ्यांतला दाब उतरतो. मग इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची वायर सोडली, चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवली. लेक डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे चढवून, बाबांचीच सतरंजी पसरून खाली शिरली. माझ्याखाली तिने एक जुना ट्रे सरकवला.

"आता आत दाब शिल्लक नाही," जावई म्हणाला. "नळी ओढलीस की फार तर चार थेंब पडतील."

लेकीने क्लिप दाबली, नळी ओढली. चार थेंब पडले. आणि मग माझ्यातून एक लांब श्वास बाहेर आला. खुर्चीत टेकताना माणूस सोडतो तसा, लांबच लांब, गार. लेकीच्या कपाळावरचे केस हलले.

"हवा असेल," वरून जावई म्हणाला.

"पेपरमिंटची?" खालून लेक म्हणाली.

यावर व्हिडिओतला माणूस म्हणाला, "बघा, आहे की नाही सोपं!"

आईने स्टुलावरून विचारलं, "आले का बाहेर?"

"फिल्टर आला, आई."

"तेच विचारतेय."

मी ट्रेमध्ये पडलो. ट्रे गाडीखालून बाहेर ओढल्यावर बऱ्याच दिवसांनी आकाश दिसलं, फारच रिकामं वाटलं. शेजारी माझ्या जागी येणारा नवा फिल्टर होता, चकचकीत, दोन्ही नळ्यांवर प्लास्टिकची टोपणं घातलेला. लेकीने टोपणं काढून अंगणात ठेवली, मी कसा बसलो होतो ते नीट आठवलं आणि त्याला तंतोतंत तसाच बसवला. सगळ्या नळ्या लागल्या, गाडी खाली आली, फ्यूज लागला, वायर लागली. किल्ली थोडी फिरवून पंपाची घरघर ऐकली, खाली वाकून बघितलं, गळत नव्हतं. मग इंजिन सुरू केलं.

ते छान सुरू झालं. जावयाने मोबाइल खिशात टाकला. आणि गाडी खोकली.

दोन आखूड, एक लांब.

जावई दोन पावलं मागे सरकला ते थेट कुंडीत. लेक सीटवर तशीच. आई उठून आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली, पण उंबऱ्यावरच थांबली. मी तर ट्रेमध्ये होतो, मित्रांनो. गाडीशी माझा काही संबंध उरला नव्हता. ते नुसतं इंजिन आचकलं होतं, असं मी स्वतःला अजून सांगतो. त्याच वेळी इथे ट्रेमध्ये माझ्या घड्याही हलल्या होत्या, हे सांगत नाही.

मग आई म्हणाली, "त्या नव्यावर बाण असेल. त्याचं टोक कुठे आहे?"

लेकीने वाकून बघितलं. "टाकीकडे. बाबांनी बसवला होता तसाच बसवलाय मी."

"बाबांनी! तुझे बाबा एका आड एक वर्ष उलटा बसवायचे त्याला. गादीसारखा. त्यांचं चाललं असतं तर तुलाही पायांवर आणि डोक्यावर आलटूनपालटून उभी केली असती, चपला जास्त टिकाव्या म्हणून. बाण दाखवतोय तसं बसव."

जावयाला हसू आलं. कुंडीतून पाय काढत असल्यामुळे ते फार उमटलं नाही. लेकीने पुन्हा सगळं सोडलं, फ्यूजपासून विटांपर्यंत, नवा फिल्टर फिरवला, बाणाचं टोक इंजिनाकडे केलं. या वेळी ती कुणासारखं काही करत नव्हती. नुसतं बरोबर करत होती. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं. सगळे वाट बघत उभे राहिले. ते चालतच राहिलं. आईने ग्लास हातात बराच वेळ धरला, मग ती स्वतःच पाणी प्यायली.

गाडी फिरवून आणायला तिघंही गेली. परत आल्यावर जावयाने मला उचललं. "टोपणं लावून गॅरेजमध्ये देऊन टाकतो. ते नीट विल्हेवाट लावतात. घरात पेट्रोलचा वास नको." आणि नव्या फिल्टरचं एक टोपण त्याने माझ्या नळीवर दाबून बसवलं. आत एकदम दडपल्यासारखं झालं. दुसरं टोपण त्याच्या चिमटीत होतं तेवढ्यात आईने मला त्याच्या हातून काढून घेतलं.

"ह्यांना कोंडलेलं चालायचं नाही, जावईबापू. लिफ्टचं दार उघडेपर्यंत जीव अर्धा व्हायचा."

जावयाने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "राहू दे. फक्त स्वयंपाकघरापासून लांब ठेव, आई."

आईने मला शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिलं, टोपण काढलं आणि मागच्या खोलीच्या खिडकीत, गजांच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. दुपार होती. आत कुणी नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

"मुद्दाम इंडिकेटर न देता वळवली हिने," ती मला म्हणाली. मला की कुणाला. "आम्ही तिघंही गप्प. ऐकत बसलो. काही नाही. मग गाडी सरळ झाल्यावर हिने इंडिकेटर लावला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुणासाठी लावला कोण जाणे." ती थांबली. गजांतून हात घालून तिने मला जरा सरळ केलं. "चालवेल ती. शिकलीय. तुम्ही जा आता."

खिडकीचा पडदा वाऱ्याने आत फुगला होता. तो फुगलेलाच राहिला, आणि त्याच्या उलट दिशेने, माझ्या दोन्ही नळ्यांतून, काहीतरी निघून गेलं. घाई नव्हती. शेवटी घड्या मिटल्या त्या कागदासारख्या, सुक्या, साध्या. आता माझ्यात गंज आहे, वाळू आहे, एक धागा आहे. इतकं रिकामं कसं राहायचं हे मला अजून जमलेलं नाही.

तर मित्रांनो, फिल्टर वेळच्या वेळी बदला. गाडी गार झाल्यावर, मोठ्या माणसांनी, दाब उतरवून, जवळपास विस्तव नसताना. बाणाचं टोक इंजिनाकडे. तुमच्या बाबांनी कसा बसवला होता ते बघू नका. आणि चोंदला म्हणून त्याला तोंडाने फुंकर कधीही मारू नका. पेट्रोल पोटात जातं, हे कारण कुणीही सांगेल. पण तुमच्या पोटात जातं त्यापेक्षा तुमच्या पोटातून येतं त्याला आम्ही जास्त घाबरतो, कारण ते सांभाळायला आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं.

काल दुपारी आई खिडकीशी आली. तिने मला गजांतून आत घेतलं, पदराने नळी पुसली आणि ओठ लावले. फुंकर मारायला छातीभर श्वास भरून घेतला. माझ्यात कसलाही आवाज नव्हता, तरी मी ओरडत होतो. तेवढ्यात बाहेरून लेकीची हाक आली, "आई, गाडी काढलीय! येतेस ना?"

आईने ओठ काढले. तो भरलेला श्वास तिने तसाच आपल्या छातीत ठेवला, मला कट्ट्यावर ठेवलं आणि चपला शोधायला गेली.

म्हणून शेवटचं मागणं. तुमच्या घरात कुणी जुन्या नळीला ओठ लावून बसलेलं दिसलं, तर वस्तू हिसकावून घेऊ नका, ओरडूही नका. बाहेरून हाक मारा. गाडी नसली तरी चालेल.